जगाचे कोठार योजणारा शास्त्रज्ञ : लॉर्ड बॉइड ऑर

ग्लासगो हे स्कॉटलंडमधील एक मोठे औद्योगिक शहर. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे जहाजे बांधली जात, आगगाडीची इंजिने घडवली जात, आणि त्या कारखान्यांवर पोट भरणाऱ्या कामगारांच्या अंधाऱ्या, कोंदट वस्त्या शहरभर पसरलेल्या होत्या. अशाच एका वस्तीतील शाळेत, विद्यापीठाची पदवी नुकतीच संपादन केलेला एक तरुण शिक्षक म्हणून रुजू झाला. वर्गात मुले दाटीवाटीने बसलेली होती. त्यांच्या अंगावर पुरेसे कपडे नव्हते, डोक्यांत उवा होत्या, आणि त्यांतील कित्येक मुले उपाशी होती. त्या तरुणाने थोडे दिवस शिकवून पाहिले आणि मग राजीनामा दिला. भुकेने व्याकूळ झालेल्या मुलांना विद्या देणे शक्य नाही, आणि त्यांची भूक भागविण्याचे कोणतेही साधन आपल्या हाती नाही, हे त्याला कळून चुकले होते.

वरवर पाहता हा पराभवच होता. शिक्षक वर्ग सोडून निघून गेला, एवढेच त्या दिवशी कोणालाही दिसले असते. परंतु तो वर्ग त्या तरुणाच्या मनातून पुढे आयुष्यभर गेला नाही. हाच तरुण पुढे पोषणशास्त्राचा नामांकित संशोधक झाला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा पहिला महासंचालक झाला, आणि १९४९ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला देण्यात आले. त्याचे नाव जॉन बॉइड ऑर. पृथ्वीवर धान्य पिकत असताना माणसे उपाशी का राहतात, या एका प्रश्नाच्या मागे लागून हा मनुष्य कोठून कोठे गेला, आणि शेवटी त्याला कोठे अडविण्यात आले, ती हकीकत विद्यार्थिमित्रांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे.

जॉन बॉइड ऑर यांचा जन्म २३ सप्टेंबर १८८० रोजी एअरशायर परगण्यातील किलमॉर्स या खेड्यात झाला. वडील दगडाच्या खाणीचे मालक होते. घर खाऊनपिऊन सुखी होते. परंतु वडिलांच्या मालकीचे एक जहाज समुद्रात गेले आणि कुटुंबाला ओढगस्तीचे दिवस आले. जॉन पाच वर्षांचे असताना सर्व मंडळी समुद्रकाठच्या वेस्ट किलब्राइड या गावी राहावयास गेली. तेराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून जॉन किलमार्नोक येथील मोठ्या शाळेत दाखल झाले खरे, पण तेथे त्यांचे लक्ष पुस्तकांपेक्षा वडिलांच्या खाणीवर काम करणाऱ्या मजुरांच्या संगतीत अधिक रमू लागले. तेव्हा घरच्यांनी त्यांना पुन्हा गावच्या शाळेत आणून बसविले. पुढे त्याच शाळेत ते स्वतः शिकत असतानाच खालच्या वर्गांना शिकवू लागले. १८९९ मध्ये ते ग्लासगो येथे उच्च शिक्षणासाठी गेले व १९०२ मध्ये त्यांनी एम. ए. ही पदवी संपादन केली. त्यानंतर घडला तो आरंभी सांगितलेला प्रसंग.

ग्लासगोची शाळा सोडल्यावर त्यांनी सॉल्टकोट्स या गावी सुमारे तीन वर्षे अध्यापन केले. हेही गरिबांचेच गाव होते, पण येथे शिकविणे निदान शक्य होते. मात्र त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. वयाच्या पंचविशीत, ज्या वयात इतर तरुण संसाराला लागतात त्या वयात, ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि जीवशास्त्र व वैद्यक यांच्या अभ्यासाला त्यांनी आरंभ केला. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी कर्ज काढून भाडेकरूंची एक इमारत विकत घेतली व तिच्या भाड्यावर आपले शिक्षण चालविले. १९१० मध्ये विज्ञानाची व १९१२ मध्ये वैद्यकाची पदवी त्यांच्या हाती आली. उरलेले कर्ज फेडण्यासाठी पश्चिम आफ्रिकेला जाणाऱ्या एका व्यापारी जहाजावर चार महिने डॉक्टर म्हणूनही त्यांनी चाकरी केली. १९१४ मध्ये त्यांना एम. डी. ही पदवी सुवर्णपदकासह मिळाली.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात ॲबर्डीन येथील नव्या पोषण संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. मोठ्या उत्साहाने ते तेथे पोहोचले आणि पाहतात तो संस्था अशी नव्हतीच! एका महाविद्यालयाच्या तळघरात संशोधनासाठी थोडी जागा, एवढाच तिचा पसारा. इमारतीसाठी पाच हजार पौंड मंजूर झालेले होते आणि त्यांत लाकडी प्रयोगशाळा उभारावी, असा वरिष्ठांचा विचार होता. ऑर यांनी त्या पैशांतून ग्रॅनाइट दगडाची इमारत बांधावयास घेतली. पुढे मोठी संस्था होईल तेव्हा ही तिचीच एक बाजू ठरावी, असा त्यांचा हिशेब होता. बांधकाम चालू असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले.

ऑर सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून दाखल झाले व फ्रान्समधील खंदकांत पायदळाच्या एका पलटणीबरोबर राहिले. तेथेही त्यांची दृष्टी अन्नाकडेच होती. लोक सोडून गेलेल्या शेतांत व बागांत उरलेल्या भाज्या गोळा करून त्यांनी आपल्या शिपायांच्या जेवणात घातल्या. खंदकातील ओल्या चिखलाने पाय सडू नयेत म्हणून शिपायांना एक माप मोठे बूट मिळतील अशी व्यवस्था केली. परिणाम असा झाला की, इतर तुकड्यांतील माणसे आजाराने रुग्णालयात जात असताना त्यांच्या पलटणीचे आरोग्य टिकून राहिले. सोमच्या लढाईनंतर त्यांना मिलिटरी क्रॉस व पासेंदेलच्या लढाईनंतर डी. एस. ओ. हा बहुमान देण्यात आला. १९१५ मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ कॅलम यांच्याशी झाला होता.

युद्ध संपल्यावर ऑर ॲबर्डीनला परतले आणि संस्थेसाठी पैसा उभारण्याच्या उद्योगास लागले. रॉवेट नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याने मोठी देणगी दिली. संस्थेचे मूळ काम गाईगुरांच्या पोषणाचा अभ्यास हे होते. परंतु जनावरांवरील संशोधनातून मानवी आहाराला उपयोगी असे काही आढळल्यास त्याचाही पाठपुरावा करण्याची संस्थेला मोकळीक असावी, अशी अट या दात्याने घातली. ही एक ओळीची अट पुढे फार मोलाची ठरली. १९२२ मध्ये राणी मेरी यांच्या हस्ते रॉवेट संस्थेचे उद्घाटन झाले.

गुरांना कोणता चारा द्यावा, त्यात कोणती खनिजे असावीत, यांचा बारकाईने अभ्यास करताना ऑर यांच्या ध्यानात एक विसंगती आली. शहाणा शेतकरी आपल्या दुभत्या गाईला काय व किती घालावे याची काळजी घेतो, कारण गाय आजारी पडली तर त्याचे नुकसान होते. मात्र शहरातील गरिबांच्या मुलांना काय खावयास मिळते, याची चौकशी करणे हे कोणाचेच काम नव्हते. १९२७ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधील काही शहरांत व बेलफास्ट येथे शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना रोज शाळेत संपूर्ण दूध, काहींना साय काढलेले दूध, काहींना तितकीच उष्णता देणारी बिस्किटे देण्यात आली. काहींना अधिक काहीच दिले नाही. सात महिन्यांनंतर मुलांची उंची व वजन मोजली, तेव्हा दूध पिणाऱ्या मुलांची वाढ इतरांपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी अधिक झालेली आढळली. साय काढलेल्या दुधाचाही गुण आला, ही गोष्ट विशेष महत्त्वाची होती, कारण असे दूध त्या काळी पुष्कळदा वायाच जात असे. या व अशा इतर प्रयोगांमुळे १९३४ पासून ब्रिटनमधील शाळांत मुलांना अर्ध्या पेनीत तृतीयांश पाइंट दूध मिळू लागले आणि १९४६ पासून ते मोफत झाले. ज्या शिक्षकाला भुकेला वर्ग सोडून जावे लागले होते, त्याने मागील दाराने का होईना, त्या वर्गात अन्न पोहोचविले.

१९३६ मध्ये ऑर यांचा अन्न, आरोग्य व उत्पन्न या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सगळ्या ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,१५२ कुटुंबांच्या खर्चाची टिपणे तपासली होती आणि उत्पन्नाप्रमाणे लोकसंख्येचे सहा गट पाडले होते. निष्कर्ष स्पष्ट होता. जगातील त्या वेळच्या सर्वांत संपन्न साम्राज्याच्या मायदेशात निम्म्या लोकांना पूर्ण आरोग्यास आवश्यक असा आहार परवडत नव्हता. सर्वांत गरीब अशा सुमारे पंचेचाळीस लाख लोकांचा आहार तर जवळजवळ प्रत्येक बाबतीत अपुरा होता. हे लोक अडाणी आहेत म्हणून चुकीचे खातात, ही त्या वेळची सोयीची समजूत या आकड्यांपुढे टिकली नाही. दूध, फळे, अंडी व भाज्या यांचा खप उत्पन्नाबरोबर पायरीपायरीने वाढत जातो, हे तक्त्यांत उघड दिसत होते. सरकारी वर्तुळात या ग्रंथाचे स्वागत झाले नाही. ऑर यांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर प्रसिद्ध केला आणि त्यातील एकाही आकड्यावरून ते मागे हटले नाहीत.

हा काळ जागतिक मंदीचा होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मालाला भाव नाही म्हणून ब्राझीलमध्ये १९३१ पासून कॉफी जाळण्यात येत होती. अमेरिकेत १९३३ मध्ये भाव सावरण्यासाठी सुमारे साठ लाख डुकरे मारण्यात आली. एकीकडे शेतकरी पीक फार आले म्हणून बुडत होता व दुसरीकडे बेकार कामगाराचे मूल अन्नावाचून खुरटत होते. यावर बहुतेक देशांनी शोधलेला उपाय म्हणजे पीक कमी करणे. ऑर यांना हे तर्कट उफराटे वाटे. त्यांचे म्हणणे असे की, पिकते ते अधिक नाही. खाणाऱ्याच्या हातात पैसा कमी आहे. तेव्हा लोकांच्या गरजेचे माप आधी घ्यावे आणि त्या मापाने शेती वाढवावी. म्हणजे उपाशी माणसाला अन्न मिळेल व शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल. ऑस्ट्रेलियाचे स्टॅन्ली ब्रूस यांनी १९३५ मध्ये राष्ट्रसंघापुढे हाच विचार मांडला आणि आरोग्य व शेती या दोन प्रश्नांची सांगड घालण्याची चर्चा जिनीव्हा येथे सुरू झाली.

दुसऱ्या महायुद्धाने या विचाराची परीक्षा पाहिली. समुद्रमार्ग धोक्यात आल्यामुळे ब्रिटनला अन्न मोजून वाटावे लागले. जानेवारी १९४० मध्ये शिधावाटप सुरू झाले व त्याच वर्षी गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुले यांना स्वस्त अथवा मोफत दूध देण्याची योजना अमलात आली. वाटणी गरजेप्रमाणे होऊ लागल्याने युद्धाच्या टंचाईतही ब्रिटनमधील गरिबांच्या मुलांचे आरोग्य सुधारले. या धोरणाच्या मागे ऑर यांच्या संशोधनाचा मोठा आधार होता. मात्र युद्धाने त्यांच्याकडून जबर किंमतही घेतली. त्यांचा एकुलता एक मुलगा या युद्धात कामी आला.

१९४३ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निमंत्रणावरून हॉट स्प्रिंग्ज येथे ४४ राष्ट्रांची अन्न व शेती परिषद भरली. ब्रिटिश सरकारने आपल्या शिष्टमंडळात ऑर यांना घेतले नाही. जगातील भूक नाहीशी करण्याचे ठराव तेथे संमत होत असतानाच, त्याच वर्षी आपल्या बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती. त्या दुष्काळात मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या तीस लाखांच्या आसपास असावी, असा नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. तेथेही बाजारात तांदूळ मुळीच नव्हता असे नाही. तो विकत घेण्याची ऐपत मजुराला व कोळ्याला राहिली नव्हती. बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे एक सदस्य डॉ. एक्रॉइड हे कुन्नूर येथील पोषण संशोधन संस्थेचे प्रमुख होते. तेच पुढे ऑर यांच्या संघटनेत पोषण विभागाचे प्रमुख झाले. ग्लासगोची वस्ती आणि बंगालचा दुष्काळ यांचे धागे असे एका ठिकाणी येऊन मिळाले.

१६ ऑक्टोबर १९४५ रोजी कॅनडातील क्वेबेक शहरी अन्न व शेती संघटनेची स्थापना झाली. भारत या संघटनेच्या संस्थापक सभासदांपैकी आहे. ऑर या परिषदेस केवळ सल्लागार म्हणून गेले होते. नवी संघटना आकडेवारी गोळा करणार व सल्ला देणार, यापलीकडे तिला अधिकार नाहीत, हे पाहून ते निराश झाले होते. उपाशी माणसांना पत्रके हवी नसून भाकरी हवी आहे, अशी त्यांची भावना होती. तरीही जमलेल्या राष्ट्रांनी महासंचालकपदासाठी त्यांचीच निवड केली. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, थोड्या मुदतीसाठी म्हणून, त्यांनी ते पद स्वीकारले.

युद्ध थांबले होते, पण भूक थांबली नव्हती. युरोपची शेते उद्ध्वस्त झाली होती आणि आशियात अनेक ठिकाणी पिके बुडाली होती. मे १९४६ मध्ये ऑर यांनी वॉशिंग्टन येथे राष्ट्रांची तातडीची बैठक बोलाविली. उपलब्ध धान्य कोणत्या देशाला किती द्यावे हे ठरविणारी एक आंतरराष्ट्रीय समिती तिच्यातून उभी राहिली. संकटकाळात राष्ट्रे एका पंगतीत बसून वाटून खाऊ शकतात, हे सिद्ध झाले. मग जे संकटात जमते ते कायमचे का जमू नये, असा विचार ऑर यांनी पुढे मांडला. त्यातूनच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी योजना जन्मास आली. तिचे नाव जागतिक अन्न मंडळ.

ही योजना समजावयास कठीण नाही. सुगीच्या दिवसांत धान्याचे भाव कोसळतात आणि शेतकऱ्याला पडेल त्या किमतीस माल विकावा लागतो. पुढे आषाढ-श्रावणात तेच धान्य महाग होते आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर जाते. गावात एखादे सार्वजनिक कोठार असेल, आणि भाव फार उतरल्यावर ते धान्य विकत घेईल व भाव फार चढल्यावर बाहेर काढील, तर शेतकरी बुडणार नाही आणि मजूर उपाशी राहणार नाही. ऑर यांनी हेच जगाच्या मापाने योजले. जागतिक अन्न मंडळाने मुख्य धान्यांचे किमान व कमाल भाव ठरवावेत, विविध देशांत साठे ठेवावेत, दुष्काळासाठी वेगळी शिल्लक राखावी, ज्या देशांना अन्नाची निकड आहे पण पैसा नाही त्यांना सवलतीने धान्य द्यावे, आणि त्यांची शेती सुधारण्यासाठी भांडवल मिळवून द्यावे, अशी ती योजना होती.

सप्टेंबर १९४६ मध्ये कोपनहेगन येथे ही योजना राष्ट्रांपुढे आली. तत्त्वतः ती सर्वांना मान्य झाली. पुढील तपशील ठरविण्यासाठी वॉशिंग्टन येथे स्टॅन्ली ब्रूस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली, आणि तेथे मात्र चित्र पालटले. अमेरिका हा धान्य विकणारा सर्वांत मोठा देश. आपले धान्य व आपला पैसा आंतरराष्ट्रीय मंडळाच्या हाती द्यावयास ती तयार होईना. भाव बाजाराने ठरवावेत व व्यापाराचे प्रश्न व्यापारासाठी होणाऱ्या वेगळ्या संघटनेने सोडवावेत, असे तिने सांगितले. ब्रिटन हा धान्य विकत घेणारा मोठा देश. युद्धाने कर्जबाजारी झालेल्या त्या देशाला धान्य महाग होण्याची धास्ती वाटली. दोघांचीही अडचण खरी होती, आणि त्यांच्यावाचून मंडळ उभे राहणे शक्य नव्हते. १९४७ च्या आरंभी योजना बाजूला ठेवण्यात आली आणि तिच्या जागी केवळ सल्ला देणारी एक परिषद आली. गमतीची गोष्ट अशी की, व्यापारासाठी जी वेगळी संघटना होणार होती, तिलाही पुढे अमेरिकन काँग्रेसची संमती मिळाली नाही व तीही त्या काळी अस्तित्वात आलीच नाही.

१९४८ मध्ये ऑर यांनी महासंचालकपद सोडले. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. एका पोषणशास्त्रज्ञाला शांततेचे पारितोषिक का, असा प्रश्न एखाद्याला पडेल. उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे. भूक व दैन्य जेथे आहे तेथे असंतोष राहणार, आणि असंतोष आहे तेथे शांतता टिकणार नाही, हे त्यांनी सतत सांगितले होते. दोन महायुद्धे पाहिलेल्या आणि पुत्र गमावलेल्या माणसाचे हे म्हणणे होते. पारितोषिकाची सर्व रक्कम त्यांनी जागतिक शांततेसाठी झटणाऱ्या संस्थांना देऊन टाकली. त्याच वर्षी ते लॉर्ड झाले. नंतरची वर्षे त्यांनी स्कॉटलंडमधील ब्रेचिनजवळच्या आपल्या शेतावर, लेखनात व शांततेच्या प्रचारात घालविली.

योजना बाजूला पडली तरी प्रश्न बाजूला पडला नाही. १९५४ मध्ये अमेरिकेने आपले शिल्लक धान्य सवलतीने परदेशांना देण्याचा पी. एल. ४८० नावाचा कायदा केला. १९५६ पासून भारतानेही त्या धान्याचे करार केले. आपल्या घरातील आजी-आजोबांना साठ-सत्तरच्या दशकांत रेशनच्या दुकानावर मिळणारा लाल मिलो अजून आठवत असेल. त्या धान्याने पुष्कळांचे प्राण वाचविले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कोठाराची किल्ली एकाच देशाच्या हाती असली म्हणजे काय होते, हेही तेव्हा दिसले. १९६५-६६ च्या अवर्षणात भारताला सुमारे एक कोटी टन धान्य वर्षाला आणावे लागत असताना, अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे थोडी थोडी, आपल्या इच्छेप्रमाणे सोडली. ऑर यांच्या मनात होते ते सर्व राष्ट्रांचे सामाईक कोठार. प्रत्यक्षात आले ते दात्याचे कोठार. हा भेद लहान नाही.

ऑर यांच्या संघटनेच्या महासंचालकपदी १९५६ ते १९६७ या काळात बिनय रंजन सेन हे भारतीय गृहस्थ होते. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळाच्या वेळी भारत सरकारच्या अन्न खात्याचा भार त्यांच्यावर आला होता. त्यांनी १९६० मध्ये भूकमुक्तीची जागतिक मोहीम सुरू केली. त्यानंतर १९६१ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रम या संस्थेची स्थापना झाली, आणि तिला २०२० मध्ये शांततेचेच नोबेल पारितोषिक मिळाले.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जे कोठार राष्ट्रांराष्ट्रांत होऊ शकले नाही, तसे एक कोठार भारताने आपल्या सीमेच्या आत उभारले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळाची स्थापना झाली, शेतमालाचे भाव सुचविणारा आयोग नेमण्यात आला, किमान हमी भावाने गहू-तांदूळ घेऊन ते साठविण्याची व रेशनवर देण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यात दोषही आहेत. धान्य सडते, काही पिकांना व काही प्रांतांनाच तिचा लाभ अधिक मिळतो. तथापि तिचे मूळ सूत्र ऑर यांच्या योजनेशी जुळणारे आहे. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आल्यापासून मात्र याच सरकारी साठ्यांवर वाद चालू झाला. असे साठे व्यापारात ढवळाढवळ करतात, असे काही देश म्हणतात; ते गरिबांच्या अन्नासाठी आवश्यक आहेत, असे भारत म्हणतो. २०१३ मध्ये बाली येथे त्यावर तात्पुरती तडजोड झाली. २०२४ मधील अबुधाबीच्या परिषदेतही कायमचा निकाल लागला नाही. वॉशिंग्टनच्या त्या समितीत जो वाद १९४७ साली मिटला असे वाटले होते, तोच हा वाद आहे. अन्न हा इतर मालासारखा एक माल आहे, की प्रथम माणसाची गरज व मागाहून माल आहे, हाच त्याचा गाभा होय.

भावांचा चढउतारही थांबलेला नाही. २००७-०८ मध्ये जगात तांदूळ व गहू यांचे भाव एकाएकी भडकले. भारतासह अनेक देशांनी निर्यातीवर बंधने घातली आणि आयातीवर जगणाऱ्या गरीब देशांत दंगे झाले. २०२२ मध्ये रशिया व युक्रेन यांच्या युद्धामुळे काळ्या समुद्रातून जाणारी गव्हाची जहाजे अडली, तेव्हा दूरच्या आफ्रिकेत भाकरी महाग झाली. अन्न व शेती संघटना आणि तिच्या सहकारी संस्था यांच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगातील सुमारे ७३ कोटी माणसे पुरेशा अन्नावाचून होती, आणि हे जगात विक्रमी पिके निघत असताना घडत होते. या अवस्थेचे नवल ऑर यांना वाटले नसते. कारण एकोणीसशे तीसच्या दशकात त्यांनी हेच पाहिले होते.

२५ जून १९७१ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लॉर्ड बॉइड ऑर यांचे स्कॉटलंडमध्ये निधन झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने काटकसरीसाठी शाळेतील सात वर्षांवरील मुलांचे मोफत दूध बंद केले. एका पिढीने मिळविलेले दुसरी पिढी सहज सोडून देऊ शकते, याचे हे एक उदाहरण आहे.

ऑर यशस्वी झाले की अयशस्वी, याचा निवाडा एका शब्दात करता येणार नाही. त्यांचे जागतिक कोठार उभे राहिले नाही, हे खरे. परंतु भूक ही दैवाची करणी नसून मोजता येण्यासारखी, कारणे शोधता येण्यासारखी व दूर करता येण्यासारखी गोष्ट आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. त्यापूर्वी राज्यकर्त्यांना अज्ञानाचा आडोसा घेता येत होता. त्यानंतर तो घेता येईना. शाळांतून मुलांना अन्न मिळाले पाहिजे, हा विचार आज जगभर मान्य झाला आहे. मद्रास राज्यात १९५६ मध्ये सुरू झालेली व १९९५ पासून देशभर पसरलेली माध्यान्ह भोजनाची योजना त्याच विचाराच्या वाटेवरची आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या शेतकरी होईल, कोणी व्यापारी, कोणी शास्त्रज्ञ, तर कोणी परराष्ट्रांत देशाचा प्रतिनिधी म्हणून बसेल. ज्याच्या त्याच्या जागी अन्नाचा प्रश्न येणारच आहे. तेव्हा भावांचे तक्ते व करारांची कलमे पाहताना, ग्लासगोच्या त्या वर्गात उपाशी बसलेली मुले ज्याच्या डोळ्यांसमोर राहतील, त्यानेच बॉइड ऑर यांचे चरित्र खऱ्या अर्थाने वाचले असे म्हणता येईल.